रात्रपाळी

बाळ बघायला येणारी माणसं बाळंतिणीला दोन प्रश्न हमखास विचारतात. दूध पुरतंय का, आणि रात्री झोपू देतंय का? दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं की खोलीतल्या प्रत्येकाकडे एकेक उपाय निघतो. गुटीत जायफळाचे वेढे वाढवा. पोट दुखत असेल, बेंबीभोवती हिंग लावा. मीठ-मोहऱ्या उतरवून टाका. तुझं दूध पातळ असेल, रात्रीची एक बाटली पावडरची दे. ऐकणारी मुलगी पंधरा दिवसांची आई असते आणि या पंधरा दिवसांत ती सलग तीन तास झोपलेली नसते. एवढ्या बोलण्यातून तिच्यापर्यंत एकच गोष्ट पोचते: शहाणी बाळं रात्री झोपतात, आपलं झोपत नाही, म्हणजे आपलं काहीतरी चुकतंय.

तिचं काहीही चुकत नसतं. हा लेख तिच्यासाठी आहे आणि त्याहून जास्त तिच्या आजूबाजूच्या माणसांसाठी आहे.

बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात संध्याकाळी बसलं की एक वाक्य पुन्हा पुन्हा कानावर पडतं: ‘डॉक्टर, याची दिवसरात्र उलटी झालीये.’ दिवसा गाढ झोपतो, रात्री दोनला टक्क डोळे उघडून बसतो. खरं तर उलटी व्हायला त्या बाळाकडे दिवस आणि रात्र अजून आलेलीच नसते. आपल्या मेंदूत हायपोथॅलॅमसच्या भागात पेशींचा एक छोटा पुंजका असतो. तो उजेडावरून वेळ ओळखतो आणि अंधार पडला की मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवण्याचा इशारा देतो. पोटात असताना बाळाला आईचं मेलाटोनिन वारेतून मिळत असतं. नाळ कापली की तो पुरवठा थांबतो, आणि स्वतःचं मेलाटोनिन रात्री नेमानं तयार व्हायला बाळाला साधारण दोन ते तीन महिने लागतात. तोवर ते चोवीस तासांत चौदा ते सतरा तास झोपतं खरं, पण दोन-दोन, तीन-तीन तासांच्या तुकड्यांत. पोट लहान, आईचं दूध लवकर पचणारं, त्यामुळे भूक घड्याळ बघत नाही.

या काळात आईचं दूधच त्याला थोडीफार वेळ सांगत असतं. रात्रीच्या दुधात मेलाटोनिन असतं, दिवसाच्या दुधात ते जवळजवळ नसतं. ज्या आया दूध काढून ठेवतात त्यांनी डब्यावर तारखेबरोबर वेळही लिहावी आणि जमेल तेव्हा रात्री काढलेलं दूध रात्रीच पाजावं.

इथे आपल्या बाळंतिणीच्या खोलीबद्दल बोलायला हवं. वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कोपऱ्यात शेगडी, दिवसभर मिणमिणता उजेड: सव्वा महिना अनेक घरांत अजून अशीच खोली असते. बाळंतिणीला ऊब आणि विश्रांती मिळावी हा त्यामागचा हेतू उत्तम आहे, आणि तो टिकला पाहिजे. पण ज्या बाळाला दिवस म्हणजे काय हेच शिकायचंय, त्याला चाळीस दिवस अंधारात ठेवून आपण त्याचं शिक्षण लांबवतो. सकाळी पडदे उघडावेत. कुकरच्या शिट्या, भांड्यांचे आवाज, शेजारच्यांचं बोलणं दिवसा चालू द्यावं. रात्री मात्र दिवा मंद, बोलणं जवळजवळ नाही, दुपटं ओलं झालं असेल किंवा शी झाली असेल तरच बदलायचं, पाजायचं, खांद्यावर घेऊन ढेकर काढायचा आणि परत निजवायचं. आईच्या हातातला मोबाइलचा पांढरा उजेड त्या वेळी दोघांच्याही झोपेच्या आड येतो. पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून या फरकाचा परिणाम हळूहळू दिसू लागतो.

दुसरी गोष्ट बाळाच्या झोपेच्या जातीची. झोपलेल्या तान्ह्याकडे नीट बघा. पापण्यांखाली बुबुळं फिरतात, ओठ चुटचुट करतात, हात उडतो, तोंड वेडंवाकडं होतं, कण्हल्यासारखा आवाज येतो आणि मध्येच हसू उमटतं. आपल्याकडे म्हणतात, सटवाई हसवतेय. शिकागोत १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला युजीन ॲसेरिन्स्की नावाचा संशोधक विद्यार्थी नॅथॅनियल क्लाइटमन यांच्या हाताखाली झोपलेल्या बाळांच्या डोळ्यांची हालचाल तासन् तास टिपत बसला होता. त्यातून पुढे मोठ्या माणसांवर प्रयोग झाले आणि १९५३ साली त्या दोघांनी, डोळे वेगानं फिरतात अशा झोपेचा शोध जगापुढे मांडला. मोठ्या माणसाच्या झोपेचा साधारण पाचवा-चौथा हिस्सा या जातीचा असतो. नवजात बाळाची निम्मी झोप तशी असते, आणि मेंदूची बरीचशी बांधणी याच झोपेत चाललेली असते असं शास्त्रज्ञ मानतात.

याचा रात्रीशी थेट संबंध आहे. बाळ कण्हलं, हात उडवले, अर्धवट रडल्यासारखं केलं की आपण ते उठलं असं समजून उचलतो, दिवा लावतो, आणि झोपेतल्या बाळाला आपणच जागं करतो. अर्धा-एक मिनिट थांबावं, छातीवर हलकेच तळवा ठेवावा. बऱ्याचदा ते पुन्हा शांत होतं. खरी भूक असेल तर ते मूठ चोखू लागतं, मान वळवून पदर शोधतं, आवाज चढत जातो. मग मात्र वाट बघू नये, कारण रडून लाल झालेलं बाळ नीट पीत नाही आणि अर्धपोटी झोपलेलं तासाभरात पुन्हा उठतं.

अमेरिकेतले बालमनोविकारतज्ज्ञ थॉमस अँडर्स यांनी १९७० च्या दशकात बाळांच्या खोलीत कॅमेरे लावून रात्रभराचं चित्रण केलं. आयांनी ‘रात्रभर झोपतं’ म्हणून सांगितलेली बाळंही रात्री जागी होत होती. फरक इतकाच, की काही बाळं जागी होऊन, इकडेतिकडे बघून, पुन्हा झोपी जात आणि काही हाक मारत. त्याआधी, १९५७ साली, लंडनच्या शंभराहून अधिक बाळांवरचा मूर आणि उको या दोघांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत न उठणारं बाळ म्हणजे बसलेली झोप, अशी त्यांची व्याख्या. दहातली सात बाळं तीन महिन्यांपर्यंत तिथे पोचली, आणखी एखादं सहा महिन्यांपर्यंत, आणि दहातलं एक वर्षभरात पोचलंच नाही. २०१८ साली कॅनडातल्या एका अभ्यासात तर सहा महिन्यांची ३८ टक्के बाळं सलग सहा तासही झोपत नसल्याचं आढळलं. न झोपणाऱ्या आणि झोपणाऱ्या बाळांच्या वाढीत संशोधकांना काही फरक सापडला नाही. हे आकडे मला फार मोलाचे वाटतात. शेजारच्या घरातलं बाळ अडीच महिन्यांत रात्रभर झोपायला लागलं, यात त्या घराचं काही कर्तृत्व नसतं.

तिन्हीसांजेच्या रडण्याचंही तसंच आहे. दिवे लागायची वेळ झाली की बाळ रडायला लागतं, काही केल्या राहत नाही, आणि घरात दृष्ट काढली जाते. टी. बेरी ब्रेझल्टन या अमेरिकी बालरोगतज्ज्ञानं १९६२ साली ऐंशी बाळांच्या रडण्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिखर गाठतं, तेव्हा दिवसाला सरासरी पावणेतीन तास होतं, बहुतेक संध्याकाळी, आणि तीन महिन्यांपर्यंत ओसरतं. त्याच्या नोंदींतली ही बाळं निरोगी होती. दृष्ट काढून काही बिघडत नाही. एक माणूस उठून बाळाला हातात घेतो, ओवाळतो, आई दोन मिनिटं मोकळी होते. मोहऱ्या मात्र निखाऱ्यावर बाळाजवळ टाकू नयेत. तोच नियम न्हाऊ घातल्यावरच्या ओवा-वावडिंगाच्या धुरीला. बाळाची फुप्फुसं धूर सोसण्याइतकी तयार नसतात.

रडणारं बाळ उचललं की हाताची सवय लागते, असं अजून सांगितलं जातं. पहिल्या तीन महिन्यांत हे मनातून काढून टाकावं. जपानच्या रिकेन संस्थेतल्या कुमी कुरोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली एक साधा, अतिशय उपयोगी प्रयोग प्रसिद्ध केला. रडणाऱ्या बाळाला छातीशी घेऊन आई एका लयीत पाच मिनिटं चालली की बाळं शांत झाली आणि जवळजवळ निम्मी झोपली. मग खाली ठेवताना तिसरा हिस्सा जागी झाली. नोंदी बघितल्यावर लक्षात आलं की बाळाची पाठ गादीला टेकते तेव्हा ते जागं होत नाही. आईच्या अंगापासून ते सुटू लागतं, त्या क्षणी जागं होतं. झोप लागल्यावर पाच ते आठ मिनिटं घेऊन बसायचं आणि मगच ठेवायचं, एवढं केलं तर ठेवणं साधतं. आपल्या आज्या घरात येरझाऱ्या घालत, पाठीवर थोपटत, मग जोत्यावर बसून राहत, तेव्हा त्या हेच करत होत्या. पाळण्याची दोरी, मांडीचा झोका, गुणगुणणं यांतली लय खरी आहे. शब्द कुठले आहेत याला बाळाच्या लेखी महत्त्व नाही, आवाज ओळखीचा लागतो. तो आवाज वडिलांचा असला तरी चालतो.

झोळीबद्दल सावध राहावं. साडीच्या झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकते, मान दुमडते आणि श्वासाची वाट अरुंद होते. कोणी जागं समोर बसलेलं असेल तर थोडा वेळ ठीक, रात्रीच्या झोपेसाठी नको. डोकं गोल व्हावं म्हणून ठेवतात ती मोहरीची उशी, पायाशी रचलेली दुलई, डोक्यापर्यंत ओढलेली गोधडी, घरातही चढवलेलं टोपडं, हे सगळं रात्री बाजूला. बाळ दुपट्यात गुंडाळायचं असेल तर छातीपाशी नीट, पण कमरेखाली सैल, म्हणजे पाय बेडकासारखे फाकता येतील. पाय सरळ करून करकचून बांधले तर खुब्याचा सांधा निखळण्याचा धोका असतो. बाळ कुशीवर वळू लागलं की गुंडाळणं बंद.

आणि निजवायचं पाठीवर, दर वेळी. पालथं निजवलं की बाळ जास्त वेळ आणि गाढ झोपतं, हे खरं आहे, आणि धोका तिथेच आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत डॉक्टरच पालथं निजवायला सांगत. बेंजामिन स्पॉक यांच्या जगभर खपलेल्या पुस्तकातही पुढे तो सल्ला आला. धडधाकट बाळं झोपेतच दगावत होती. ब्रिस्टलच्या पीटर फ्लेमिंग यांच्या गटानं पालथं निजवणं आणि हे मृत्यू यांचा संबंध दाखवला. १९९१ साली ॲन डायमंड या ब्रिटिश टीव्ही निवेदिकेचा चार महिन्यांचा मुलगा असाच गेला. तिनं जिद्दीनं हा विषय लावून धरला, त्याच वर्षाच्या अखेरीस पाठीवर निजवा ही मोहीम सुरू झाली आणि काही वर्षांतच असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. श्वासाला अडथळा आला, अंग फार तापलं, तर बाळानं चटकन जागं व्हावं लागतं. पालथ्या, गाढ झोपेत ते होत नाही. म्हणजे हलकी झोप आणि सारखं उठणं हे या वयात बाळाचं संरक्षण आहे. शांत बाळ हवं या हट्टानं आपण तेच काढून घेऊ बघतो.

हा हट्ट मुंबईत एकेकाळी कुठवर गेला होता, ते गिरणगावाच्या इतिहासात दिसतं. वायंडिंग आणि रीळ खात्यात काम करणाऱ्या बाया दिवसाचे दहा-अकरा तास गिरणीत उभ्या असत. आधी आणि नंतर घरचा स्वयंपाक, पाणी, धुणं. चाळीतल्या एका खोलीत सात-आठ माणसं, त्यात पाळ्यांवर जाणारे पुरुष, आणि एक तान्हं. त्या बाळाला बाळागोळी दिली जाई. तिच्यात अफू असे. आई कामावर असताना ते पडून राही आणि रात्री आईला उठवत नसे. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई सरकारनं डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांना गिरणीतल्या बायांच्या बाळंतपणाची पाहणी करायला नेमलं होतं. कामगार बायांच्या बहुतेक बाळांना अफू दिली जाते, असं त्यांना दिसलं. अफूनं भूक मरते, श्वास मंदावतो, पोट साफ होत नाही. बाळ कमी पितं, वाळत जातं आणि रडायची ताकदही हरवून बसतं. बाहेरून ते शांत, गुणी दिसतं.

त्या आयांना दोष देणं सोपं होतं आणि अनेकांनी तो दिलाही. पण गोळी बंद करा म्हणणाऱ्यांनी, मग त्या बाईनं रात्री जागून सकाळी गिरणीत कसं उभं राहायचं, याचं उत्तर देणं भाग होतं. काहींनी ते दिलं. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती भत्त्याच्या विधेयकावर चर्चा झाली तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूनं बोलले. बाळंतपणाच्या काळात बाईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे आणि त्या खर्चाचा भार सरकारनं उचलला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२९ साली मुंबई इलाख्याचा प्रसूती लाभ कायदा झाला, देशातला या प्रकारचा पहिला. बाळाच्या झोपेचा विचार करताना मला हा कायदा कुठल्याही औषधाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

अफूची गोळी गेली, पण झोपेचं औषध गेलेलं नाही. सर्दीच्या सिरपनं गुंगी येते हे आता घरोघर माहीत आहे, आणि प्रवासात किंवा फार जागरण झाल्यावर ते ‘थोडंसं’ दिलं जातं. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांचं मिश्रण असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा आदेश देशाच्या औषध नियंत्रकांनी २०२३ साली काढला. तान्ह्याला झोपवण्यासाठी कुठलंच औषध नाही, हे इतकं साधं आहे. गुटीबद्दल मी आदरानंच पण ठामपणे नाही म्हणेन. सहाणेवर उगाळलेली वेखंड, मुरुडशेंग, बाळहिरडा, जायफळ यांत रोज किती काय पोटात जातं याला माप नाही. सहाण आणि पाणी कितीही धुतलं-उकळलं तरी जंतूंची वाट उरते. मधाचं बोट तर वर्षभर नको, त्यातून बोट्युलिझमची गंभीर विषबाधा होऊ शकते. सहा महिने फक्त दूध, वरचं पाणीसुद्धा नाही.

मग उरतात ती माणसं, आणि खरी अडचण तिथेच आहे. सव्वा महिन्याच्या बाळंतपणाच्या रिवाजात एक शहाणपण होतं: त्यात रात्र वाटली जायची. आई पाजायची, आजी ढेकर काढून पाळण्यात ठेवायची, मावशी पहाटे बाळाला घेऊन ओसरीवर जायची, मालिशवाली बाई न्हाऊमाखू घालून दोघांना निजवून जायची. आज पुण्या-ठाण्याच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ही सगळी माणसं मिळून एक बाई असते. आजीचे गुडघे दुखतात, किंवा ती स्वतः अजून नोकरीत असते. नवऱ्याला सकाळी ऑफिस असतं म्हणून तो बाहेरच्या खोलीत झोपतो.

हे बदलता येतं, आणि त्यासाठी फार काही लागत नाही. आईनं रात्री नऊला पाजून ताबडतोब झोपावं. त्यानंतर बारा-साडेबारापर्यंत बाळ बाबांचं: रडलं तर चालणं, दुपटं बदलणं, घेऊन बसणं. भुकेचं रडणं असेल तर बाळ आईजवळ आणायचं आणि पाजून झालं की परत न्यायचं. दूध काढून ठेवलेलं असेल तर तेही नको, वाटीचमच्यानं पाजता येतं. पहाटे पाचनंतर घरातलं जे माणूस आपोआप उठतं, त्यानं सात-आठपर्यंत बाळ घ्यावं. सलग तीन-साडेतीन तासांची एक झोप आणि पहाटेची एक डुलकी मिळाली की आई दुसऱ्या दिवशी उभी राहू शकते. बाळ ऑफिसला जाणाऱ्याला उठवतं आणि घरी असणारीला उठवत नाही असं नसतं. दोघांची पाळी आहे. केंद्र सरकारच्या नोकरीत वडिलांना पंधरा दिवसांची रजा मिळते, खासगी नोकरीत कायद्यानं एक दिवसही मिळत नाही. आईला २०१७ च्या दुरुस्तीनं सव्वीस आठवडे मिळाले, पण संघटित क्षेत्रात. पन्नास किंवा त्याहून अधिक माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघर हवं असंही कायदा सांगतो.

बीडहून कारखान्याच्या उसावर गेलेल्या जोडप्याला यातलं काही नाही. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. बाई पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापते, फडात जाते, आणि तान्हं बांधावरच्या झोळीत, फार तर चार-पाच वर्षांच्या बहिणीच्या राखणीत असतं. तिला रात्री मंद दिवा ठेवा हे सांगण्यात अर्थ नाही, कोपीत दिवाच नसतो. तिच्या बाळाची झोप फडापाशी पाळणाघर असणं, बाळंतपणाचे पैसे हातात येणं यावर ठरते. आशाताईंच्या बेचाळीस दिवसांतल्या ठरलेल्या भेटी, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशीच्या, गावात राहिलेल्या आईला मिळतात. स्थलांतरित आईपर्यंत त्या पोचवणं कठीण आहे, आणि ते व्हायलाच हवं.

काही गोष्टींसाठी रात्री थांबू नये. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ अंशांवर ताप, दूध ओढत नाही, उठवूनही उठत नाही, श्वास धापेचा, ओठ निळसर, अंग सैल: दवाखाना गाठायचा. कमी वजनाचं किंवा दिवस पूर्ण न झालेलं बाळ फार झोपत असेल तर डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतरानं उठवून पाजायचं. रडण्यानं डोकं फिरायला लागलं, हात शिवशिवले, तर बाळाला पाठीवर, मोकळ्या गादीवर ठेवून पाच मिनिटं दाराबाहेर जावं. त्या पाच मिनिटांच्या रडण्यानं त्याला काही होत नाही. गदागदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

आणि आईकडे लक्ष ठेवा. जागरणानं थकलेली बाई संधी मिळताच झोपते. बाळ झोपलेलं आहे, आजी सांभाळायला आहे, खोली शांत आहे, तरी तिला झोप लागत नसेल, सारखं रडू येत असेल, बाळाविषयी काहीच वाटत नाही असं ती म्हणत असेल किंवा स्वतःचं बरंवाईट करण्याचं बोलत असेल, तर तो बाळंतपणानंतरचा आजार आहे आणि तो उपचारानं बरा होतो. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. बरंवाईट करण्याचं बोलणं कानावर आलं तर तिला क्षणभरही एकटं न ठेवता त्याच रात्री दवाखान्यात न्यावं. एरवीही पुढच्या लसीच्या तारखेपर्यंत थांबू नये, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावं.